उत्तममामांचा कोंडेक

‘कोंडेक’ हा अस्सल मराठी शब्द आहे, असं मी चांगले सहा महिने धरून चालले होते. कोंडा, कोंडेक. शंका यायचं कारणच नव्हतं. मग एकदा परभणीला एका दुकानात ब्लूटूथ स्पीकर बघताना मी काउंटरवरच्या माणसाला ऐटीत विचारलं, “यात कोंडेक कोणता आहे?” तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “मॅडम, पिठाच्या चाळण्या पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात.”

त्या दिवशी कळलं की मूळ शब्द कोडेक. मी तशी तापट. एसटीतून बोरीला उतरले ती पिशवीसकट थेट उत्तममामांच्या पिठाच्या गिरणीत शिरले.

“मामा, तो शब्द कोडेक आहे! सहा महिने मला कोंडेक कोंडेक म्हणायला लावलंत. परभणीत हसं झालं माझं.”

उत्तममामा थांबलेल्या गिरणीच्या पट्ट्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाले, “तिकडं कोडेक असंल, बाई. पर कोंडा काढायचंच काम करायलंय ना ते? मग आपलंच बरोबर हाय.”

आज मीसुद्धा कोंडेकच म्हणते.

बोरीच्या जिल्हा परिषद शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा राहायला खोली मिळाली ती उत्तममामांच्या पिठाच्या गिरणीसमोर. खोली दाखवणाऱ्यानं मुद्दाम मला लाईट गेलेली असताना आणलं होतं. मी म्हटलं, किती शांत जागा आहे! सामान लावलं, चहा ठेवला, आणि लाईट आली. पहिल्या मिनिटाला कपातला चहा थरथरायला लागला. दुसऱ्या मिनिटाला मी भांडायला गिरणीच्या दारात उभी होते. आत पांढराफटक माणूस. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, टोपी तर कोणत्या रंगाची होती कोण जाणे. मी ओरडतेय, त्यांना काही ऐकू जात नाहीये, मला माझं काही ऐकू येत नाहीये. त्यांनी हसून दोन तळहात एकमेकांवर थापले. मग बोटांनी चिमूट करून ओढली. मला वाटलं, माणूस वेडा आहे.

नंतर कळलं, ते विचारत होते: ज्वारी की गहू?

ती त्यांची आणि शांतामामींची भाषा. मामी म्हणजे त्यांची बायको. नाव शांता आणि जन्म गेला गिरणीत! तीस-पस्तीस वर्षं त्या गदारोळात नवरा-बायकोंनी बोलायचं कसं, तर हातांनी. थापल्यासारखं केलं की ज्वारी. चिमूट ओढली की गहू. मूठ उघडून झाडली की जाडं दळा. आणि अंगठा नि पहिलं बोट हवेत धरून हळूच एकमेकांवर चोळलं की बारीक. भांडणाच्याही खुणा होत्या, त्या मी इथं सांगत नाही.

अशा गोंगाटात राहणाऱ्या माणसाला चांगल्या आवाजाचं वेड असावं, हे पहिल्यांदा मला पटेनाच. पण मामांचं म्हणणं उलटं होतं. “दिवसभर घाण आवाज ऐकलेल्याला चांगल्याची किंमत लय कळते.” गिरणीसुद्धा ते कानानंच चालवायचे. दगड गुळगुळीत झाला की गिरणीचा आवाज गोड होतो म्हणे, आणि आवाज गोड झाला की समजायचं, पीठ बिघडायला लागलं. मग ते दगड उतरवून छिन्नी-हातोडी घेऊन त्याला टाकी लावायला, म्हणजे पुन्हा खडबडीत करायला बसायचे. आसपासच्या दोन-चार गावांतले गिरणीवाले मामांना नुसतं ऐकायला बोलवत. मामा जायचे, दारात डोळे मिटून उभे राहायचे, “अजून आठ दिवस चालंल” म्हणायचे, चहा घ्यायचे आणि परत यायचे.

लाईट गेली की खूश होणारा मराठवाड्यातला एकमेव गिरणीवाला हाच असावा. सगळं गाव शिव्या घालतंय आणि मामा मात्र हात झटकत मागच्या खोलीत निघालेत! तिथं त्यांचं वैभव होतं. लग्नांत साऊंड लावणाऱ्या, धंदा मोडीत निघालेल्या एका माणसाकडून आणलेली दोन लाकडी खोकी, छातीएवढी उंच. एक जुना अँप्लिफायर, तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. आणि त्यावर, देवाच्या टाकासारखी जपून ठेवलेली, काडेपेटीएवढी काळी डबी. ब्लूटूथ रिसीव्हर. मामा त्याला रिसीव्हर म्हणत नसत. ‘घेणारा’ म्हणत. फोन म्हणजे ‘देणारा’.

बोरीत आल्यावर थोड्याच दिवसांत, मी शाळेसाठी आणलेला ब्लूटूथ स्पीकर कौतुकानं दाखवायला नेला. मामांनी अर्धी कविता ऐकली आणि तोंड कडू केलं.

“बाई, ह्यानं गाण्याचा कोंडा ठेवला अन् दाणे फेकले.”

मला राग आला. नवा स्पीकर होता. “म्हणजे काय?”

मग मामांनी मला तिथंच, पिठाच्या पोत्यावर बसवून शिकवलं. “हे बगा. गाणं म्हंजी पोतंभर ज्वारी. फोनातून ह्या डबीत जायला रस्ता केवढा? नळीएवढा. अख्खं पोतं जाईल का? न्हाई. मग पाखडायचं, चाळायचं, जे न्हाई पायजे ते काडायचं, अन् उरलेलं नळीतून सोडायचं. ही चाळायची जी रीत, ती कोंडेक. रीत धसमुसळी असली की कोंड्यासंगं दाणे बी जातेत. रीत चांगली असली की फकस्त कोंडाच जातो.”

“मग फोनात चांगली रीत टाकायची.”

“एकट्या फोनात टाकून काय उपेग? घेणाऱ्याला बी तीच रीत यायला पायजे ना! न्हाई आली तर देणारा मुकाट जुन्या जाड चाळणीवर येतो. फोन केवढा बी भारी असू द्या. घेणाऱ्याला पेलंल तेवढंच देणारा देतो, बाई.”

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्यांदा यायचं की मला वीट आला होता. पुढे तेच वाक्य मला लढाईला उपयोगी पडेल असं तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हे सगळं मामा शिकले कुठं? फोनवर, व्हिडिओ बघून. सातवी पास माणूस. एसबीसी, एएसी, एलडॅक अशी कोडेकांची नावं ते ज्वारीच्या वाणांची घ्यावीत तशी घेत. फोनमध्ये दडलेली एक यादी असते, तिच्यात कोडेक बदलता येतो. पण ती यादी उघडायला सेटिंगमध्ये एका आकड्यावर सात वेळा टिचकी मारावी लागते. मारली की फोनवर अक्षरं येतात: तुम्ही आता डेव्हलपर आहात! मामांना याचं भलतंच कौतुक. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोन ते मागून घेत, हात धोतराला पुसत, आणि सात टिचक्या मोजून मारत.

“झालीस बग डेव्हलपर. पोरगं पुण्याला ह्याच्यासाठीच गेलंय ना तुजं? त्याला सांग, मी बोरीत बसून झाले.”

गावात दोन महिन्यांत डेव्हलपर बायांचा सुळसुळाट झाला. एकीच्या फोनवर काहीतरी भलतंच दाबलं गेलं आणि फोनची अक्षरं उलट्या बाजूनं लागायला लागली. ती भांडायला आली तर मामा म्हणाले, “डेव्हलपर लोकांना एवढी तकलीफ असतेच, अक्का.” पण बसून दुरुस्त करून दिलं.

शाळेच्या गॅदरिंगला आवाजाची सगळी जबाबदारी मामांवर टाकली होती. माझ्या फोनवर गाणी, स्टेजच्या कोपऱ्यात मामांची डबी. पोरींचा नाच सुरू झाला आणि गाणं अडखळायला लागलं. दोन शब्द वाजतात, एक गायब. पोरी गोंधळल्या, पालक हसायला लागले, मुख्याध्यापक माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. मामा मात्र उभे राहून शांतपणे चारी बाजूंना बघत होते. मग गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, “सरपंच, जरा बाजूला सरकता का? गाणं तुमच्या पोटात अडकायलंय.”

अख्खा मंडप हसला. सरपंच अंगानं भरभक्कम, आणि मनानंही मोठे. ते रागावले नाहीत, सरकले. आणि गाणं सुरळीत सुरू झालं! सरपंचांनी खात्री करायला पुन्हा मध्ये पाऊल टाकलं. गाणं अडखळलं. मागे घेतलं. वाजलं. तिसऱ्यांदाही त्यांनी तेच केलं, आणि मग आपल्या पोटाकडे असं बघितलं, जणू ते कुणा दुसऱ्याचं आहे.

“माणूस म्हंजी पाण्याची पखाल,” मामा मला नंतर समजावत होते. “ब्लूटूथला पाणी वलांडत न्हाई. घेणारा नेहमी उंचावर ठेवायचा, माणसांच्या डोक्यावर.” तेवढ्यात त्यांनी डबी बांबूला बांधून वर चढवलीसुद्धा होती. गाणं संपेपर्यंत ते स्टेजखाली डोळे मिटून उभे होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी हात वर केला आणि अंगठा-बोट हवेत चोळलं. बारीक. गाणं मनासारखं लागलं की ते बोलायचे नाहीत, कारण बोललं की गाण्यात खोट पडते. ही खूण करायचे. ती मिळाली की मला वरिष्ठांच्या शेऱ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा, खरंच सांगते.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मामांची चिडचिड सुरू झाली. डबीचं टोक गेलंय म्हणायचे. ‘टोक’ म्हणजे आवाजाचा अगदी वरचा, चमकणारा भाग. घुंगरांचा, झांजेच्या शेवटाचा. त्यांनी कोडेक बदलून पाहिले. वायर बदलली. डबी मोटरपासून लांब नेली. फोनचा आवाज पूर्ण ठेवून अँप्लिफायरचा कमी केला, मग उलटं केलं. जिंतूरच्या दुकानदाराकडून तीन वेळा डबी बदलून आणली. तो बिचारा शेवटी मामांना बघून शटर ओढायच्या बेतात यायचा. “कंपन्यांनी टोक काडून टाकलं, बाई. सगळीकडं लबाडी,” मामा म्हणायचे. मी ऐकायचे तर मला टोक व्यवस्थित ऐकू यायचं. पण मामांच्या कानापुढे माझा कान काय! मी मान डोलवायचे.

एकदा दुपारी लाईट गेली म्हणून मी मागच्या खोलीत गेले. शाळेतल्या मुलींच्या लेझमीचा सराव मी फोनवर टिपला होता, तो लावला. मामांनी ऐकलं आणि हात झटकला.

“बगा! लेझमीची छन कुठाय ह्याच्यात? नुसतं खट, खट वाजायलंय. थांबा, आज पुरावाच देतो दुकानदाराला. शाळंतून खरी लेझीम आणा.”

मी आणली. एका हातानं त्यांनी फोनवरचं वाजतं ठेवलं, दुसऱ्या हातानं खरी लेझीम उचलली. “आता बगा फरक,” म्हणाले आणि जोरात हलवली.

खोली छनछनून गेली. दारातली चिमणी उडाली.

मामा थांबले. पुन्हा हलवली. कानाजवळ नेऊन हलवली. मग दुसऱ्या कानाजवळ. लेझीम खाली आणून तिच्या चकत्या एक एक करून बोटांनी चाचपल्या, सगळ्या होत्या. मग माझ्याकडे बघून अगदी भाबडेपणानं म्हणाले, “बाई, हिचा बी कोंडेक बिघडलाय का?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना दिसलं. त्यांनी लेझीम भिंतीला टेकवली, अँप्लिफायरची वायर काढली, आणि म्हणाले, “फोन बरा हाय. डबी बरी हाय. घेणाराच बाद झालाय.”

त्यानंतर पंधरा दिवस लाईट जायची आणि गिरणीच्या मागच्या खोलीतून काही आवाज यायचा नाही. खोक्यांवर पोती पांघरली होती. शेजारच्या गावचा एक गिरणीवाला ऐकायला बोलवायला आला, तर मामांनी पाठदुखीचं निमित्त सांगून परत पाठवला. हे मात्र मला फार लागलं. कानावर उभा राहिलेला माणूस; कानच गेला तर दगड कसा कळणार, गिरणी कशी चालणार? मामींना ते गिरणी विकून टाकू म्हणाले होते.

मामी मला म्हणाल्या, “मला दोन वर्षांपास्नं मालूम हाय, बाई.”

“कसं?”

“लाईट गेलेली असती, सगळं शांत असतंय, अन् तरी हे माज्या हाताकडंच बगतेत. तोंडाकडं न्हाई. माजं हळू बोलणं हातानं सांगितलं तरच कळतंय. तुमी शाळंतल्यावानी मोठ्यानं बोलता, म्हणून तुमचं कळतंय. मी बोलले न्हाई. कानाचा लय अभिमान हाय त्यांना. मी बी गपचिप खुणा करत रायले.”

दोन वर्षं ही बाई शांततेतसुद्धा हातांनी बोलत राहिली होती, नवऱ्याला कळू न देता. मला भडभडून आलं, आणि त्याच्यापाठोपाठ संताप आला. मी उठले ती तशीच मामांसमोर जाऊन उभी राहिले.

“मामा, डबी खराब वाटली तर किती वेळा बदललीत?”

“तीन.”

“घेणाऱ्याला पेलेल तेवढंच देणारा देतो, हे कोण म्हणतं?”

“मीच म्हणतो.”

“मग मामी दोन वर्षं तुम्हाला जाड चाळणीनं देतायत, हे कळतंय का? त्यांच्याकडे अख्खं पोतं आहे बोलायला! तुम्हाला पेलत नाही म्हणून त्या हातवारे करतायत. डबी बदलायला जिंतूर गाठता, आणि कानाची वेळ आली की पोतं पांघरून बसता?”

मामांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, “कान काय दुकानात मिळतेत व्हय?”

“मशीन मिळतं. उद्या सुट्टी टाकते. मामींना घेऊन परभणीला जायचंय.”

दवाखान्यातल्या ताईंनी मामांच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. सुरुवातीला मामा भराभर दाबत होते. मग आवाज बारीक, टोकाचे होत गेले आणि बटण थांबलं. मामांनी हेडफोन काढून वायर तपासली. ताईंनी न हसता दुसरा हेडफोन दिला. तोही तसाच. त्या म्हणाल्या, गिरणीच्या आवाजानं वरचे, टोकाचे आवाज ऐकायची ताकद नेली आहे. पण खालच्या, जाड आवाजांना कान अजून तल्लख आहे, दगडाचा आवाज तुम्हाला पुढेही कळेल. मामांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी बघितलं. कानातलं मशीन समोर आलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “ताई, ह्याच्यात ब्लूटूथ हाय?”

“आहे ना.”

मामा पुढे सरकले. “कोंडेक कोणता?”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “लांबची गोष्ट आहे. सांगते.”

मशीन घालून आम्ही तिघं बाहेर आलो. मामा पायरीवरच थांबले. मामींनी पदर सारखा केला आणि त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. मामांनी वळून बघितलं. “पुन्हा करा,” म्हणाले. मामी लाजल्या. “रस्त्यात काय!” पण त्यांनी हात हलवला. मामा भर रस्त्यात हसत उभे राहिले, आणि आमच्या मागून आलेली माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

सगळं एकदम गोड झालं असं मात्र नाही. पहिला आठवडा मामा वैतागले होते. भाजीची पिशवी वाजते, फरशी वाजते, गाणं तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतं. दोनदा परत जाऊन त्यांनी ताईंना बसवून मशीन लावून घेतलं. “टोक जरा जास्त दिलंत, ताई. अर्धी टिचकी कमी करा.” ताईही हुशार, त्यांनी गाण्यासाठी वेगळी सोय लावून दिली. गिरणी चालू असताना कानातलं मशीन त्याच्या पेटीत आणि दोघा नवरा-बायकोंच्या कानांवर मोठाले गोंगाट अडवणारे हेडफोन, असा ताईंचा हुकूम होता. तो मामांनी पाळला. शेजारच्या गावांतल्या गिरणीवाल्यांनाही ते हेडफोन घ्यायला लावले, आणि ऐकायलाही जायला लागले.

खरी अडचण मामींची झाली. दोन वर्षं त्यांना मोकळं रान होतं; नवऱ्याच्या पाठीमागे काय वाट्टेल ते पुटपुटायचं. एकदा मी ओसरीवर बसले असताना त्या पीठ चाळत म्हणाल्या, “म्हाताऱ्याला डबी आणायला वेळ हाय, नळ दुरुस्त करायला न्हाई.” आतल्या खोलीतून आवाज आला, “ऐकू आलं बरं मला!” मामींनी कपाळावर हात मारला. “बाई, कुठं नेलंत ह्यांना! कसं छान चाललं होतं माजं!” आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

शाळेची ती लेझीम मामांनी मागून घेतली आणि गिरणीच्या दारात खिळ्याला टांगली. शाळेला जाणाऱ्या पोरी ती हलवून जायच्या आणि मामा आतून ओरडायचे, “आली, छन आली!” 

माझी बदली जिंतूरला झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, मामींनी पिशवीत दशम्या कोंबल्या, आणि मी निरोप घ्यायला गिरणीकडे गेले. लाईट गेली होती. मामा दाराकडे पाठ करून बसले होते, दगड उतरवून त्याला टाकी लावत. छिन्नीचा टक टक आवाज चालू होता. मागच्या खोलीत त्यांची दोन खोकी हळू आवाजात काहीतरी गात होती. मला हाक मारायची होती, पण मारली असती तर रडूच फुटलं असतं. म्हणून मी नुसता खिळ्यावरच्या लेझमीला एका बोटानं धक्का दिला. अगदी हळू. एकच चकती हलली असेल.

छिन्नी थांबली. मामांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी पिठानं माखलेला हात वर केला, आणि अंगठा नि बोट हवेत हळूच एकमेकांवर चोळलं.